जॉन स्कॉट हाल्डेन : पाणबुड्यांच्या जिवाला नियमांचे कवच देणारा शास्त्रज्ञ

समुद्राच्या तळाशी जाऊन काम करणे हा माणसाच्या अत्यंत जोखमीच्या व्यवसायांपैकी एक आहे. बुडालेल्या जहाजातील माल काढणे, पुलांचे पाये तपासणे, धरणाच्या दरवाजांची डागडुजी करणे, तेलवाहिन्या जोडणे अशी कामे करणारे पाणबुडे जगभर आहेत. त्यांनी किती खोल जावे, तेथे किती वेळ थांबावे आणि वर येताना कोणत्या टप्प्यावर किती मिनिटे विसावा घ्यावा, हे कोष्टकावरून ठरते. अशा कोष्टकाची पहिली शास्त्रशुद्ध मांडणी ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केली. श्वसनक्रियेच्या संशोधनासाठी ते जगविख्यात झाले. तथापि, कष्टकरी माणसाचा जीव त्याच्या धाडसावर किंवा मालकाच्या दयेवर न सोडता लेखी नियमाच्या हवाली केला पाहिजे, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. व्यावसायिक पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठी अधिक कडक नियमांची मागणी होत असताना हाल्डेन यांच्या चरित्राकडे वळून पाहणे उद्बोधक ठरेल.

घराणे आणि शिक्षण

हाल्डेन यांचा जन्म १८६० च्या मे महिन्यात स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे एका सधन व सुविद्य घराण्यात झाला. त्यांचे थोरले बंधू रिचर्ड हे पुढे ब्रिटनचे युद्धमंत्री आणि त्यानंतर लॉर्ड चॅन्सेलर झाले. भगिनी एलिझाबेथ यांनी लेखिका व समाजसेविका म्हणून नाव मिळवले. मामा जॉन बर्डन सँडरसन हे ऑक्सफर्डमधील नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. घरात तत्त्वज्ञान, राजकारण आणि विज्ञान या तिन्हींची चर्चा चाले आणि या तिन्हींचा ठसा जॉन यांच्यावर उमटला.

त्यांनी एडिंबरो विद्यापीठातून १८८४ मध्ये वैद्यकशास्त्राची पदवी घेतली. जर्मनीतील येना येथेही त्यांनी काही काळ अध्ययन केले. वैद्यकीय व्यवसाय थाटून रुग्ण तपासत बसण्यात मात्र त्यांचे मन रमले नाही. माणूस ज्या हवेत श्वास घेतो ती हवा कशी आहे आणि ती त्याच्या शरीराचे काय करते, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला आणि आयुष्यभर त्याचाच पाठपुरावा केला.

कोंदट घरांपासून प्रारंभ

हाल्डेन यांच्या कार्याचा आरंभ डंडी या औद्योगिक शहरात झाला. हे शहर भारतीय वाचकांना अपरिचित नाही. बंगालमधून जाणाऱ्या तागावर तेथील गिरण्या चालत. गिरणी कामगारांची कुटुंबे एका खोलीच्या घरांत दाटीवाटीने राहत. हाल्डेन आणि त्यांचे सहकारी रात्री-अपरात्री अशा घरांत जाऊन झोपलेल्या माणसांभोवतीच्या हवेचे नमुने गोळा करीत. एका खोलीची, दोन खोल्यांची आणि चार खोल्यांची घरे यांतील हवेची त्यांनी तुलना केली व तेथील मृत्यूंच्या प्रमाणाशी तिची सांगड घातली. हा अभ्यास १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी ते ऑक्सफर्डला आले. कोंदट हवेत माणूस गुदमरतो तो नेमका कशामुळे, याविषयी त्या काळी अनेक समजुती होत्या. उच्छ्वासातून एखादे गूढ विष बाहेर पडत असावे, असेही मानले जाई. हाल्डेन यांनी हवाबंद पेटीत स्वतःला तासन्‌तास कोंडून घेतले आणि आतील हवा मोजली. धाप लागण्याचे मुख्य कारण साचलेला कार्बन डायऑक्साइड वायू आहे, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. पुढे १९०५ मध्ये जे. जी. प्रीस्टली यांच्यासमवेत त्यांनी श्वासाचा वेग प्रामुख्याने याच वायूच्या प्रमाणावरून ठरतो, हे सिद्ध केले. शरीरक्रियाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या शोधाला कायमचे स्थान लाभले आहे.

खाणीतील मृत्यूंचा शोध

जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाऊन येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार मृत्युमुखी पडले. हाल्डेन यांनी तेथे जाऊन मृतदेहांची व खाणीची पाहणी केली. स्फोटाचा तडाखा बसून हे लोक दगावले, असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात बहुसंख्य कामगार स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने गुदमरले होते. स्फोटानंतरही ते काही काळ जिवंत होते. याचाच अर्थ, योग्य साधने आणि योग्य पद्धत असती तर त्यांतील कित्येकांना वाचवता आले असते.

हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने तो आल्याचे माणसाला कळत नाही. हाल्डेन यांनी प्रयोगशाळेत स्वतः तो हुंगून पाहिला आणि रक्तातील निम्म्याहून अधिक रंगद्रव्य या वायूने व्यापेपर्यंत आपल्या शरीरावर होणाऱ्या परिणामांची नोंद ठेवली. लहान प्राण्यांचा श्वसनवेग जास्त असल्यामुळे त्यांच्यावर विषाचा परिणाम माणसाच्या आधी दिसतो. म्हणून खाणीत उतरणाऱ्यांनी उंदीर अथवा छोटा पक्षी सोबत न्यावा, अशी सूचना त्यांनी केली. कॅनरी पक्ष्याचा पिंजरा हे खाण कामगाराच्या सुरक्षेचे प्रतीक बनले ते या सूचनेतून. ब्रिटनमधील खाणींत ही प्रथा १९८६ पर्यंत टिकून होती.

कॉर्नवॉलमधील कथिलाच्या खाणींत कामगारांना जडणारा अंकुशकृमीचा विकार आणि खडक फोडणाऱ्या यंत्रांच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग यांवरही त्यांनी अहवाल सादर केले. या सर्व कामांत त्यांची एक निश्चित पद्धत दिसते. अपघाताच्या ठिकाणी स्वतः जायचे, कारण मोजून सिद्ध करायचे आणि त्यावरचा उपाय शासनाला अंमलात आणता येईल अशा भाषेत लिहून द्यायचा. हीच पद्धत त्यांनी पुढे समुद्रात नेली.

पाण्याखालचा गूढ आजार

एकोणिसाव्या शतकात दोन व्यवसायांतील माणसांना एकच विचित्र आजार होत असे. पहिला वर्ग पुलांचे पाये खोदणाऱ्या कामगारांचा. नदीच्या तळाशी मोठी पेटी उतरवून तिच्यात दाबाखाली हवा भरत आणि त्या कोरड्या जागेत कामगार खोदकाम करीत. दुसरा वर्ग धातूचे शिरस्त्राण घालून खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांचा. भूमध्य समुद्रात स्पंज काढणारे ग्रीक पाणबुडे, मोती व शिंपले काढणारे पाणबुडे आणि नौदलाचे पाणबुडे यांचा त्यात समावेश होता.

काम संपवून वर आल्यानंतर काही वेळाने सांधे असह्य दुखू लागत, माणूस वेदनेने वाकून जाई. काहींचे पाय लुळे पडत, काही जागीच प्राण सोडत. वाकण्यावरून या विकाराला बेंड्स हे नाव पडले. अमेरिकेत सेंट लुईस येथे मिसिसिपी नदीवर पूल बांधताना आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या बांधकामात १८७० च्या दशकात अनेक कामगार या विकाराला बळी पडले. ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग स्वतः त्यामुळे कायमचे अधू झाले.

पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये या विकाराचे मूळ दाखवून दिले होते. खोल पाण्यात दाब वाढतो तसा हवेतील नायट्रोजन रक्तात व पेशींत अधिक प्रमाणात विरघळतो. दाब एकाएकी कमी झाला, की तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. सोडावॉटरच्या बाटलीचे बूच काढताच वायू फसफसून वर येतो, तसाच हा प्रकार. हे बुडबुडे रक्तवाहिन्यांत आणि मज्जारज्जूत अडकले की वेदना, पक्षाघात किंवा मृत्यू ओढवतो.

कारण कळले, तरी उपाय हाती आला नव्हता. पाणबुड्याने सावकाश, एकसारख्या गतीने वर यावे असे सांगितले जाई. सावकाश म्हणजे किती, कोणत्या खोलीवरून, किती वेळ काम केल्यानंतर, याचे उत्तर कोणापाशीही नव्हते. प्रत्येक नौदल, प्रत्येक कंत्राटदार आणि प्रत्येक होडीचा मालक आपल्या अंदाजाने चाले. अंदाज चुकला तर किंमत पाणबुडा मोजत असे.

नौदलाची समिती आणि शेळ्यांवरील प्रयोग

ब्रिटनच्या ॲडमिरल्टीने १९०५ मध्ये खोल पाण्यातील कामाचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. तिचे शास्त्रीय नेतृत्व हाल्डेन यांच्याकडे होते. नौदलातील अधिकारी गायबन डॅमंट आणि गनर अँड्र्यू कॅटो हे दोघे प्रत्यक्ष पाण्यात उतरणारे सहकारी होते, तर ए. ई. बॉयकॉट हे रोगनिदानतज्ज्ञ प्रयोगशाळेतील कामात सहभागी होते.

हाल्डेन यांनी प्रथम एका वेगळ्याच दोषावर बोट ठेवले. पाणबुडे खोल गेल्यावर लवकर थकत, त्यांना धाप लागे, कधी कधी शुद्धही हरपे. लोक याचे खापर पाण्याच्या दाबावर फोडीत. हाल्डेन यांनी शिरस्त्राणातील हवेचे नमुने तपासले. खोली वाढते तशी हवा दाबली जाऊन तिचे आकारमान घटते. पंप मात्र पूर्वीच्याच गतीने चालवले जात. त्यामुळे शिरस्त्राणातून पुरेशी हवा खेळत नसे आणि कार्बन डायऑक्साइड साचत असे. खोलीच्या प्रमाणात पंपांची संख्या आणि क्षमता वाढवावी, ही त्यांची शिफारस होती. पाणबुड्याच्या कथित दुबळेपणाचे मूळ वर नावेत, अपुऱ्या पंपांत होते.

त्यानंतर लंडनच्या लिस्टर संस्थेत पोलादी दाबकक्ष बसवण्यात आला. उद्योगपती व रसायनशास्त्रज्ञ लुडविग मॉन्ड यांनी तो उपलब्ध करून दिला होता. उंदरांसारख्या लहान प्राण्यांचे रक्ताभिसरण वेगवान असल्याने त्यांच्यावरील निष्कर्ष माणसाला थेट लागू पडत नाहीत. म्हणून सोयीने मिळणारा मोठा प्राणी म्हणून शेळ्यांची निवड झाली. शेळ्यांना ठरावीक वेळ दाबाखाली ठेवून निरनिराळ्या पद्धतींनी बाहेर काढण्यात येई. शेळीला त्रास झाला, की ती पुढचा पाय दुमडून वर धरी. ही खूण पाहून प्रत्येक प्रयोगाचा निकाल नोंदवला जाई.

ऑगस्ट १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्यूट बेटाजवळच्या खोल पाण्यात, एचएमएस स्पँकर या नौकेवरून प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. डॅमंट आणि कॅटो २१० फूट खोलीपर्यंत उतरले व सुखरूप वर आले. त्या काळी हा विक्रम होता. या मोहिमेत हाल्डेन यांचा तेरा वर्षांचा मुलगा जॅक हाही पोशाख घालून पाण्यात उतरला. पोशाख त्याला मोठा असल्याने मनगटापाशी पाणी आत शिरू लागले, तरी तो सुरक्षित परतला. हा मुलगा पुढे जे. बी. एस. हाल्डेन या नावाने जगप्रसिद्ध आनुवंशिकीशास्त्रज्ञ झाला.

कोष्टकामागचे गणित

दहा मीटर खोलीवर शरीरावरचा एकूण दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट असतो. या खोलीवर कितीही वेळ काम केलेला पाणबुडा सरळ वर आला, तरी त्याला सहसा त्रास होत नाही, हे हाल्डेन यांच्या ध्यानात आले. यावरून त्यांनी असे अनुमान काढले, की एकूण दाब निम्म्यापर्यंत झटपट उतरवणे सुरक्षित असते, मग मूळ दाब कितीही असो. पन्नास मीटर खोलीवर दाब सहापट असतो. तेथून पाणबुड्याने तिप्पट दाबापर्यंत, म्हणजे वीस मीटर खोलीपर्यंत, विनाविलंब यावे. त्यानंतर मात्र ठरावीक टप्प्यांवर थांबत थांबत, शरीरातील नायट्रोजन श्वासावाटे बाहेर पडू देत, वर यावे.

एकसारख्या संथ गतीने वर येण्याची जुनी पद्धत का घातक होती, हेही यातून स्पष्ट झाले. संथ चढणारा पाणबुडा खोल पाण्यात नाहक अधिक वेळ काढतो आणि तेवढ्या वेळात त्याच्या शरीरात आणखी नायट्रोजन शिरत राहतो. शिवाय पृष्ठभागाजवळ, जेथे खरी सावधगिरी हवी, तेथे तो पुरेसा थांबत नाही.

शरीराचे सर्व भाग एकाच वेगाने वायू शोषत नाहीत, ही दुसरी महत्त्वाची बाब होती. भरपूर रक्तपुरवठा असलेले अवयव लवकर भरतात व लवकर रिते होतात, तर चरबीसारखे भाग सावकाश. हाल्डेन यांनी त्यासाठी पाच गट कल्पिले. त्यांना निम्मे भरण्यास अनुक्रमे ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटे लागतात, असे गृहीत धरून त्यांनी गणित मांडले. त्यातून कोष्टके तयार झाली. एक नेहमीच्या कामासाठी, तर दुसरे काही कारणाने तळाशी ठरलेल्यापेक्षा अधिक वेळ अडकून पडलेल्या पाणबुड्यासाठी. संकटात सापडलेल्या माणसाचा विचार करून कोष्टक आधीच तयार ठेवणे, यात हाल्डेन यांची दूरदृष्टी दिसते.

समितीचा अहवाल १९०७ मध्ये सादर झाला आणि तो संसदीय कागदपत्र म्हणून प्रसिद्ध करण्यात आला. बॉयकॉट, डॅमंट आणि हाल्डेन यांचा विस्तृत शोधनिबंध १९०८ मध्ये आरोग्यशास्त्राच्या नियतकालिकात आला. शाही नौदलाने ही पद्धत स्वीकारली आणि अल्पावधीत इतर देशांची नौदलेही तिच्याकडे वळली. कोष्टक खुले होते. ते कोणालाही वाचता येत होते, तपासता येत होते, आणि ते मोडणाऱ्या अधिकाऱ्याला जाब विचारता येत होता. लष्करी कामासाठी केलेले संशोधन गुप्त न राहता सर्वांच्या हाती पडले, ही गोष्ट त्याच्या शास्त्रीय मूल्याइतकीच मोलाची ठरली.

सोन्याच्या लगडी आणि हजारो फेऱ्या

या नियमांची खरी कसोटी पहिल्या महायुद्धात लागली. जानेवारी १९१७ मध्ये लॉरेंटिक हे ब्रिटिश जहाज आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ सुरुंगांमुळे बुडाले. सुमारे ४० मीटर खोल पाण्यात त्यातील ३,२११ सोन्याच्या लगडी गडप झाल्या. त्या काढण्याचे काम डॅमंट यांच्याकडे सोपवण्यात आले. थंड पाणी, वादळी समुद्र आणि दिवसेंदिवस चेपत जाणारा सांगाडा अशा स्थितीत १९२४ पर्यंत हे काम चालले. पाणबुड्यांनी पाच हजारांहून अधिक फेऱ्या मारल्या आणि ३,१८६ लगडी वर आणल्या. या साऱ्या मोहिमेत एकही पाणबुडा दगावला नाही. घाईचे, मौल्यवान आणि जोखमीचे काम असूनही नियम पाळले, तर माणसे सुखरूप राहतात, याचा हा वस्तुपाठ होता.

युद्धकाळ आणि अखेर

एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने विषारी वायूचा वापर केला, तेव्हा ब्रिटिश सरकारने हाल्डेन यांना तातडीने फ्रान्सला पाठवले. तो वायू क्लोरीन असल्याचे त्यांनी ओळखले. परत आल्यावर त्यांनी ऑक्सफर्डमध्ये स्वतःवर प्रयोग करून बचावाच्या मुखवट्यांची चाचणी घेतली. वायूने होरपळलेल्या सैनिकांसाठी प्राणवायू देण्याची पद्धतही त्यांनी विकसित केली. रुग्णालयांतील प्राणवायू उपचाराचा पाया त्यातून घातला गेला. त्याआधी १९११ मध्ये अमेरिकेतील पाइक्स पीक या उंच शिखरावर जाऊन त्यांनी विरळ हवेचाही अभ्यास केला होता.

त्यांना १९१६ मध्ये रॉयल सोसायटीचे रॉयल पदक व १९३४ मध्ये कोप्ली पदक मिळाले. खाणींच्या सुरक्षेसाठी स्थापन झालेल्या संशोधन प्रयोगशाळेचे ते दीर्घकाळ संचालक होते. वयाची पंचाहत्तरी गाठल्यावरही ते इराण आणि इराकच्या दौऱ्यावर गेले. तेलशुद्धीकरण कारखान्यांतील कामगारांना होणाऱ्या उष्माघाताचा अभ्यास हा त्या दौऱ्याचा हेतू होता. परतल्यानंतर न्यूमोनियाने त्यांना गाठले आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. अखेरचा प्रवासही कामगारांच्या जिवासाठीच घडला.

कोष्टकानंतरची वाटचाल

हाल्डेन यांचे कोष्टक अचूक होते, असे मात्र नाही. कमी वेळाच्या फेऱ्यांसाठी ते गरजेपेक्षा अधिक सावध, तर दीर्घ फेऱ्यांसाठी अपुरे असल्याचे पुढील प्रयोगांत आढळले. कोणताही त्रास जाणवत नसतानाही रक्तात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊ शकतात, हेही ध्वनिलहरींच्या साहाय्याने दिसून आले. अमेरिकेच्या नौदलाने व इतरांनी कोष्टकांत वेळोवेळी सुधारणा केल्या. हे सारे शक्य झाले, कारण मूळ आकडे खुले होते. चूक उघड्यावर असेल तर ती दुरुस्त होते.

उत्तर समुद्रात तेल सापडल्यानंतर १९७० च्या दशकात या व्यवसायाचे स्वरूप पालटले. शंभर मीटरहून खोल पाण्यात तेलवाहिन्या जोडण्यासाठी शेकडो तरुण पाणबुडे कामाला लागले. काम वेगाने वाढले आणि नियम मागे पडले. अनेक पाणबुड्यांचे बळी गेले. ब्रिटनने १९७४ मध्ये सागरी तेलक्षेत्रांतील पाणबुड्यांसाठी स्वतंत्र नियम केले, अमेरिकेने १९७७ मध्ये व्यावसायिक पाणबुड्यांसाठी मानके लागू केली. तरीही ५ नोव्हेंबर १९८३ रोजी नॉर्वेच्या हद्दीत बायफर्ड डॉल्फिन या तेलफलाटावर दाबकक्षाचा जोड अवेळी उघडला गेला. क्षणार्धात नऊपट दाब एकपटीवर आला आणि पाच जण ठार झाले. दाब उतरल्याशिवाय जोड उघडूच नये, अशी यांत्रिक अटकाव योजना तेथे नव्हती.

नॉर्वेतील पाणबुड्यांची कहाणी हाल्डेन यांच्या वारशाशी थेट निगडित आहे. त्या काळात निरनिराळ्या कंपन्या आपापली कोष्टके वापरीत आणि स्पर्धेपोटी ती गोपनीय ठेवीत. दाब लवकर उतरवला, की कामाचा वेळ वाचतो, खर्चही वाचतो. पाणबुड्याला मात्र आपण कोणत्या जोखमीवर वर येत आहोत, याचा पत्ता नसे. नॉर्वेत कोष्टकांचे प्रमाणीकरण १९९० मध्ये झाले. तोवर अनेकांच्या मज्जासंस्थेला व फुप्फुसांना कायमची इजा झाली होती. अशा काही पाणबुड्यांच्या अर्जावर युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ५ डिसेंबर २०१३ रोजी निकाल दिला. कोष्टकांतील धोक्याची आवश्यक माहिती पाणबुड्यांना मिळेल, याची खबरदारी शासनाने घेतली नाही, असा ठपका त्यात ठेवण्यात आला. हाल्डेन यांनी १९०७ मध्ये जे उघड केले होते, ते पुन्हा बंद कपाटात गेल्याचा हा परिणाम होता.

मुंबई हाय ते त्रिनिदाद

भारतालाही हा विषय दूरचा नाही. अरबी समुद्रातील मुंबई हाय क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडल्यापासून आपल्या किनाऱ्यावरही खोल पाण्यातील कामे सुरू झाली. २७ जुलै २००५ रोजी, मुंबईतील महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, समुद्र सुरक्षा हे सहाय्यक जहाज मुंबई हाय नॉर्थ फलाटाच्या तेलवाहिनीवर आदळले आणि आग भडकली. २२ जणांचा बळी गेला. जहाजावर त्या वेळी सहा पाणबुडे दाबकक्षात होते. इतरांप्रमाणे बाहेर धावत सुटणे त्यांना शक्य नव्हते, कारण दाब न उतरवता दार उघडणे म्हणजे मृत्यू. सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. जहाज मात्र काही दिवसांत बुडाले. या दुर्घटनेनंतर, २००८ मध्ये, केंद्र सरकारने सागरी तेल व वायू क्षेत्रातील सुरक्षेचे स्वतंत्र नियम लागू केले आणि त्यांच्या अंमलबजावणीची जबाबदारी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे सोपवली.

तेलक्षेत्राबाहेरचे चित्र अधिक चिंतेचे असते. बंदरे, पूल, धरणे आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरी येथील कामे बहुधा छोटे कंत्राटदार करून घेतात. पाणी उथळ म्हणून धोका कमी, असा गैरसमज तेथे असतो. धरणाच्या अर्धवट उघड्या दरवाजाजवळ किंवा रिकाम्या नळाच्या तोंडाशी दोन बाजूंच्या दाबांत फरक पडला, की पाण्याचा लोंढा माणसाला खेचून नेतो आणि त्यातून सुटणे जवळपास अशक्य होते. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी त्रिनिदादमधील पॉइंट-ए-पिएर येथे अशाच दाबफरकाने पाच पाणबुडे ३० इंच व्यासाच्या तेलवाहिनीत ओढले गेले. त्यांतील एकच बाहेर येऊ शकला, चौघांचा अंत झाला. चौकशी आयोगाचा अहवाल २०२४ मध्ये जाहीर झाला. बचावकार्यात दिरंगाई व अडथळे झाल्याबद्दल त्याने कठोर ताशेरे ओढले.

शिल्लक राहिलेले काम

या सर्व घटनांतून जी मागणी पुढे येते, ती हाल्डेन यांच्या कार्यपद्धतीशी मिळतीजुळती आहे. ब्रिटनच्या १९९७ च्या नियमांत तिचा बराच भाग आढळतो. प्रत्येक कामाचा लेखी आराखडा, जबाबदार कंत्राटदार, नेमणूकपत्र दिलेला पर्यवेक्षक, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि नियमित वैद्यकीय तपासणी यांची तेथे सक्ती आहे. त्यापुढे जाऊन, कोणत्याही खोलीवरच्या कामासाठी राखीव पाणबुडा तयार असणे, दाबकक्ष वेळेत गाठता येणे, दाबकक्षासह माणसांना संकटातील जहाजावरून हलवण्याची सोय असणे आणि प्रत्येक अपघाताचा अहवाल जाहीर होणे, या बाबी तेलफलाटापासून गावच्या धरणापर्यंत सारख्याच बंधनकारक व्हायला हव्यात. तपासणीस येणारा अधिकारी कंत्राटदारावर अवलंबून नसावा, हेही तितकेच महत्त्वाचे.

नियमांमुळे खर्च वाढतो, हा आक्षेप नवा नाही. अधिक पंप लावायचे तर अधिक माणसे लागतात, हा मुद्दा १९०६ मध्येही होता. लॉरेंटिकवरील पाच हजार फेऱ्यांनी त्याला उत्तर दिले आहे.

हाल्डेन यांच्या पुत्राने वडिलांचे काम पुढे नेले. जून १९३९ मध्ये थेटिस ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ जण मरण पावल्यावर जे. बी. एस. हाल्डेन यांनी दाबकक्षात स्वतःवर प्रयोग करून सुटकेच्या उपायांचा अभ्यास केला. १९५७ मध्ये ते भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांनी अखेरचा श्वास घेतला. पिता-पुत्रांनी स्वतःच्या शरीरावर जोखीम घेतली, ती इतरांना घ्यावी लागू नये म्हणून. त्यांनी मिळवलेले ज्ञान केव्हाच सर्वांसाठी खुले झाले आहे. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला त्याचे संरक्षण कायद्याने मिळवून देणे, हे शासनाचे आणि उद्योगाचे कर्तव्य उरले आहे.